पहाटे चार सत्तावन्न

मैसूरच्या पश्चिम अंगाला, मानसगंगोत्रीच्या पलीकडे, बोगादी आहे. इथे राहून मी परक्या देशांतल्या कंपन्यांचे डेटाबेस सांभाळतो. हे काम करणारी मराठी माणसं या भागात आणखीही आहेत. कुणी इन्फोसिसच्या मैसूरच्या प्रशिक्षण केंद्रात शिकायला आलं आणि इथेच रमलं, कुणी जोडीदाराच्या नोकरीमागे आलं. आमच्या सगळ्यांचं घड्याळ उलटं चालतं. तिकडे दुपार कलते तेव्हा इथे घर झोपलेलं असतं, आणि बिघाड नेमके त्याच वेळी होतात.

म्हणून गिटलॅब या कंपनीचा डेटाबेस कसा पुसला गेला, त्याची हकिकत मी भारतीय वेळेत मांडतो आहे. मूळ नोंदी जागतिक प्रमाणवेळेत आहेत, त्यात साडेपाच तास मिळवले की ३१ जानेवारी २०१७ ची रात्र आणि १ फेब्रुवारीचा दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. घटना चालू असतानाच कंपनीने आपली टिपणं जगासाठी खुली ठेवली आणि पुढे सविस्तर अहवालही दिला, त्यामुळे तपशील मिनिटांपर्यंत ठाऊक आहेत. ज्या अभियंत्याच्या हातून डेटा पुसला गेला त्याचं नाव मी घेणार नाही. त्याची ती आज्ञा दोन सेकंदांची होती. मला सांगायचं आहे ते त्याआधीच्या सहा तासांबद्दल आणि त्याही आधीच्या कित्येक महिन्यांबद्दल.

रात्री १०:५० (सहा तास सात मिनिटं आधी)

गिटलॅब.कॉम ही प्रोग्रॅमरांनी आपला कोड ठेवायची आणि त्यावर चर्चा करायची जागा. कोड वेगळ्या साठवणीत असतो. पण सभासद कोण, प्रकल्प कुणाचा, कुणी कशावर काय शेरा दिला, हे सगळं त्या वेळी एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये होतं. आकार सुमारे ३१० जीबी. सर्व्हर दोन होते. डीबी-वन हा मुख्य, आणि डीबी-टू हा राखीव. वाचणं-लिहिणं सगळं मुख्य सर्व्हरवर चाले. राखीव सर्व्हरचं काम एकच, मुख्य सर्व्हरवरचा प्रत्येक बदल उतरवून घ्यायचा आणि मुख्य कोसळला तर त्याच्या जागी उभं राहायचं.

एकाच सर्व्हरवर सगळा भार असणं बरं नाही, हे त्यांना कळत होतं. पीजीपूल नावाची प्रणाली लावून भार अनेक सर्व्हरांवर वाटता येईल का, याची चाचणी त्या संध्याकाळी एक अभियंता करणार होता. चाचणीच्या यंत्रणेवर ताजा डेटा हवा, म्हणून त्याने मुख्य डेटाबेसच्या डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या घडीची जशीच्या तशी प्रत, हाताने घेतला. एरवी असा स्नॅपशॉट चोवीस तासांतून एकदाच आपोआप निघायचा. त्या वेळी या कामाला कुणी काही महत्त्व दिलं नसेल. रोजच्या कामातलंच एक काम होतं ते.

रात्री ११:३० ते २:३०

डेटाबेसवर भार चढू लागला. सेवेत खोटा मजकूर ओतणारे कुणीतरी एकामागून एक नोंदी तयार करत होते. एका खात्याचं प्रकरण तर वेगळंच निघालं. कुणीतरी आपला प्रकल्प फायली वाटायचं केंद्र म्हणून वापरत होता, आणि त्या एका खात्याने सत्तेचाळीस हजार आयपी पत्त्यांवरून प्रवेश होत होता. पत्ते अडवले, खाती काढली, तरी भार उतरेना. अडीचच्या सुमाराला नोंदी लिहिणंच अडकू लागलं. लोकांना शेरे टाकता येईनात, सेवा मधूनच बंद पडू लागली.

असा भार चढला की आमच्यापैकी कुणीही आधी चालू क्वेऱ्यांची यादी उघडतो. कोण किती वेळ चालतंय, कोण कुणाच्या लॉकमागे खोळंबलंय, ते बघतो. त्या रात्रीच्या भाराचं एक कारण मात्र आतलंच होतं, ते नंतर कळलं. कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध गैरवापराची तक्रार आली होती आणि ते खातं चुकून काढून टाकायच्या रांगेत गेलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला एक खातं पुसणं म्हणजे एक ओळ पुसणं वाटेल. रिलेशनल डेटाबेसमध्ये त्या ओळीला प्रकल्प बांधलेले असतात, प्रकल्पांना चर्चा आणि चर्चांना शेरे. एक नोंद जाताना सगळं गोत घेऊन जाते, आणि हे सगळं चालू असताना बाकीचे वाट बघत थांबतात.

पहाटे ३:३० (दीड तास आधी)

इशारा वाजला. राखीव सर्व्हर मागे पडला होता, सुमारे चार जीबी.

अभियंत्याच्या गावी तेव्हा रात्रीचे अकरा वाजत आले होते. तो काम आवरून उठायच्या बेतात होता. हा इशारा आला म्हणून थांबला.

मागे पडला म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं इथून सुरू होतं. पोस्टग्रेस कोणताही बदल आधी एका नोंदवहीत लिहितो आणि मग सवडीने मूळ तक्त्यांत उतरवतो. दुकानातला व्यवहार आधी कीर्दीत आणि मग खतावणीत जावा तसं. या नोंदवहीला वॉल म्हणतात. राखीव सर्व्हर तिची पानं मुख्याकडून घेत जातो आणि आपली प्रत जुळवत राहतो. पण मुख्य सर्व्हर जुनी पानं कायम ठेवत नाही, डिस्क भरेल म्हणून टाकून देतो. त्या रात्री लिखाण इतकं वाढलं, की राखीव सर्व्हरला हवी असलेली पानं त्याच्यापर्यंत पोचायच्या आत फेकली गेली. मधला दुवा तुटला, की राखीव सर्व्हर स्वतःहून सावरू शकत नाही.

यावर उपाय होते आणि तेव्हाही उपलब्ध होते. टाकायच्या आधी प्रत्येक पान वेगळ्या साठवणीत जमा करत जायचं. असं वॉल संग्रहण गिटलॅबने लावलेलं नव्हतं. किंवा रेप्लिकेशन स्लॉट बांधायचा, म्हणजे राखीव सर्व्हरने घेतल्याशिवाय मुख्य सर्व्हर एकही पान सोडत नाही. स्लॉटचा धोका वेगळा. राखीव सर्व्हर बरेच दिवस मेलेला राहिला, तर मुख्याची डिस्क भरून तोच बंद पडतो. मी दोन्ही लावावेत या मताचा आहे, आणि डिस्क किती भरली यावर नजर ठेवावी.

संग्रह नाही, म्हणजे एकच मार्ग उरतो. राखीव सर्व्हरवरची डेटाची निर्देशिका पुसायची आणि पीजी-बेसबॅकअप ही आज्ञा चालवून मुख्यावरून सगळा डेटाबेस नव्याने उतरवून घ्यायचा. अभियंत्याने राखीव सर्व्हर पुसला. यात काहीही गैर नव्हतं, पद्धतच तशी आहे. पण त्या घडीपासून चालत्या डेटाची जगात एकच प्रत उरली, आणि ती हाताशी घेऊन एक थकलेला माणूस पुढची दुरुस्ती करत होता. मला विचाराल तर संकट इथे सुरू झालं.

पहाटे ४ च्या आसपास

पीजी-बेसबॅकअप काहीच करेना. बोलकं उत्तर मागणारा पर्याय दिला होता, तरी पडद्यावर काही नाही. बऱ्याच प्रयत्नांनंतर एक तक्रार उमटली की मुख्य सर्व्हरकडे रेप्लिकेशनसाठी जोडण्या शिल्लक नाहीत. ही मर्यादा ठरवणारं मूल्य तीन होतं. ते बत्तीस केलं. हा बदल लागू व्हायला पोस्टग्रेस पुन्हा सुरू करावा लागतो. तो सुरूच होईना. म्हणाला, सेमाफोर फार मागितले जात आहेत.

इथे थोडं थांबतो, कारण हा बिघाड आमच्या धंद्यात फार भेटतो आणि त्याचं मूळ भलत्याच ठिकाणी सापडतं. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रक्रिया देतो, आणि अशा प्रक्रियांचा आपसात मेळ राखायला कार्यप्रणालीकडून सेमाफोर घेतो. किती घ्यायचे, हे जास्तीत जास्त जोडण्यांच्या आकड्यावरून सुरू होतानाच ठरतं. गिटलॅबमध्ये तो आकडा आठ हजार होता. इतक्या जोडण्या एका सर्व्हरला झेपत नाहीत. त्या पुढे एखादा पूलर ठेवून वाटून द्यायच्या असतात. पण जवळजवळ वर्षभरापूर्वी कुणीतरी ते मूल्य टाकलं आणि सगळं चालत राहिलं. चालतंय म्हणजे बरोबर आहे, असं सगळ्यांनी धरलं. दुसरं मूल्य वाढवताच बेरीज मर्यादेबाहेर गेली. आकडा दोन हजारांवर आणला, तेव्हा पोस्टग्रेस उठला.

आणि पीजी-बेसबॅकअप तरीही गप्प. एकाने एसट्रेस, म्हणजे चालू प्रक्रिया आत काय करते ते दाखवणारं साधन, लावून पाहिलं. ती आज्ञा कशाची तरी वाट बघत बसली आहे, एवढंच दिसलं. कशाची, ते कळलं नाही.

खरं म्हणजे बिघाड नव्हताच. प्रत काढायच्या आधी मुख्य सर्व्हरने चेकपॉइंट पुरा करायचा असतो, म्हणजे स्मृतीत असलेले सगळे बदल डिस्कवर उतरवायचे असतात. डिस्कवर ताण येऊ नये म्हणून पोस्टग्रेस हे काम मुद्दाम सावकाश करतो, आणि भार असेल तर त्याला कित्येक मिनिटं लागतात. तोवर पीजी-बेसबॅकअप निमूट थांबतो. चेकपॉइंट लगेच कर, असं सांगायची सोयही त्या आज्ञेत आहे. हे ठाऊक असलेला सहकारी कंपनीत होता, पण त्या वेळी कामावर नव्हता. कंपनीच्या कार्यपुस्तिकेत हे लिहिलेलं नव्हतं आणि पोस्टग्रेसच्या दस्तऐवजातही स्पष्ट नव्हतं.

पहाटे ४:३० नंतर

काही होत नाही असं दिसलं की माणूस कारण शोधतो, आणि सापडत नसेल तर रचतो. अभियंत्याला वाटलं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांनी राखीव सर्व्हरच्या निर्देशिकेत काही फायली सोडल्या असाव्यात. निर्देशिका रिकामी नसेल तर ती आज्ञा एरवी तशी तक्रार करते. पण इतका वेळ तिने कशाचीच धड तक्रार केली नव्हती, तेव्हा ती निर्देशिका पुन्हा एकदा साफ करून बघावी, असं त्याने ठरवलं.

त्याच्यासमोर दोन सर्व्हरांचे टर्मिनल होते. दोन्हींत तशाच ओळी, तीच निर्देशिका. नावांत फरक एका आकड्याचा.

पहाटे ४:५७

आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालली.

सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने ती थांबवली. ३१० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. इतका डेटा इतक्या झटक्यात कसा जातो, असं नवखी मुलं विचारतात. पोस्टग्रेस मोठे तक्ते एकेक जीबीच्या फायलींत ठेवतो, आणि फाइल पुसणं म्हणजे तिच्यातला मजकूर खरवडणं नसतं, निर्देशिकेतली तिची नोंद काढणं असतं. मोठ्या फायली थोड्याच असतात. त्यांच्या नोंदी काढायला वेळ लागत नाही.

पहाटे ५ ते ६

आता बॅकअप.

रोज एकदा पीजी-डंपने पूर्ण प्रत काढून ॲमेझॉनच्या साठवणीत ठेवली जाते, असा समज होता. साठवण उघडली तर रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ वर होता, पण ज्या यंत्रावरून प्रत काढायची आज्ञा सुटायची तिथे डेटाबेसची निर्देशिका नव्हती. आवृत्ती ओळखायला खूण नाही, म्हणून तिथली प्रणाली ९.२ ची जुनी साधनं उचलायची. आपल्याहून नव्या सर्व्हरची प्रत काढायला पीजी-डंप नकार देतो. दर वेळी काम असं अर्ध्यावर तुटत होतं.

मग हे कुणाला कळलं कसं नाही? काम फसलं की क्रॉन हा ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम ईमेल पाठवायचा. डीमार्क नावाच्या तपासणीत त्या ईमेलची ओळख पटत नव्हती, आणि समोरचा सर्व्हर ते स्वीकारतच नव्हता. बॅकअप निघत नव्हता आणि तो निघत नसल्याची बातमीही पोचत नव्हती. ईमेल येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं मानून कंपनी चालली होती. मला या सगळ्या घटनाक्रमात सर्वांत जास्त धडकी या जागी भरते. ४:५७ ची चूक डोळ्यांना दिसते. ही कुणाला दिसतच नव्हती.

हे सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडवर होते, तिथल्या डिस्कचे स्नॅपशॉट? फायलींच्या सर्व्हरांना ते लावलेले होते, डेटाबेसच्या सर्व्हरांना नव्हते. रेप्लिकेशन? राखीव सर्व्हर तासाभरापूर्वीच पुसला होता. आणि तो पुसला नसता, तरी रेप्लिकेशनला बॅकअप समजणं हा जुना आणि महागडा गैरसमज आहे. मुख्य सर्व्हरवर कुणी चुकून एखादा तक्ता पुसला, तर राखीव सर्व्हर तेही तितक्याच इमानाने पुसतो.

कंपनीने आपल्या खुल्या टिपणांत तेव्हाच लिहून टाकलं, की बॅकअपच्या आणि प्रतिकृतीच्या पाच वाटांपैकी एकही भरवशाने चालत नाही किंवा मुळात लावलेलीच नाही.

उरला होता रात्री १०:५० चा स्नॅपशॉट. पीजीपूलच्या चाचणीसाठी घेतलेला. घेणारा अभियंता तोच होता, ज्याच्या हातून मुख्य डेटाबेस गेला. त्याने तो घेतला नसता, तर गेलेलं काम सहा तासांऐवजी चोवीस तासांपर्यंत भरलं असतं.

आपल्याकडेही असे दिवस आले आहेत. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचं कामकाज सकाळी ११:४० च्या सुमाराला थांबलं आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झालं. त्या दिवशी व्यवहार संध्याकाळी पाचपर्यंत चालवावे लागले. तिथे कारण वेगळं होतं, दूरसंचार जोडण्या आणि साठवणीची यंत्रणा. पण पर्यायी केंद्र चेन्नईत उभं असून कामकाज तिकडे हलवलं गेलं नाही. पुढच्या महिन्यात सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा अडली तर तीस मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि तिथून पंचेचाळीस मिनिटांत कामकाज परत उभं करायचं. असा आकडा समोर असला, की पर्यायी केंद्र खरंच उठतं का, हे आधी उठवून बघावंच लागतं.

बोगादीत माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी बॅकअप कसा घ्यायचा ते नंतर सांगतो. आधी एक फाइल हातात देतो आणि म्हणतो, यातून डेटाबेस उभा करून दाखव, किती वेळ लागला तो लिही, आणि शेवटची नोंद किती वाजताची आहे ते मला सांग. या तीन उत्तरांवाचून त्या फाइलला मी बॅकअप म्हणत नाही.

सकाळी ६ ते रात्री १०:३०

स्नॅपशॉटमधला डेटा चाचणीच्या सर्व्हरवर होता. तो मुख्य सर्व्हरवर आणायचा, एवढंच काम. पण चाचणीच्या यंत्रणेला स्वस्त, संथ डिस्क दिलेल्या. वेग सेकंदाला साठ मेगाबिटच्या आसपास. तीनशे जीबी या वेगाने आणायला अकरा तास लागतात, नुसते वाहून आणायला. चाचणीची यंत्रणा एक दिवस आपला एकमेव आधार ठरेल, हे तिला डिस्क देताना कुणाच्या मनात असणं शक्य नव्हतं.

तो वसंत पंचमीचा दिवस होता. सकाळी अकराला संसदेत अरुण जेटली अर्थसंकल्प वाचायला उभे राहिले, रेल्वेचा हिशेब त्यात पहिल्यांदाच मिसळलेला. देश टीव्हीसमोर होता आणि प्रत उतरतच होती. गिटलॅबने आपलं काम यूट्यूबवर थेट दाखवायला सुरुवात केली. एका वेळी पाच हजारांच्या आसपास लोक ते बघत होते. काहींनी त्या अभियंत्याला काढणार का असं विचारलं, आणि कंपनीने नाही म्हणून सांगितलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. माणूस काढला असता, तर आठ हजारांचा आकडा, नाकारले जाणारे ईमेल आणि रिकामी साठवण जागच्या जागी राहिली असती, आणि पुढच्या वेळी चूक सांगायला कुणी पुढे आलं नसतं.

साडेदहाच्या सुमाराला डेटाबेस उभा राहिला, पण वेबहुकांशिवाय, म्हणजे काही घडलं की बाहेरच्या प्रणालींना आपोआप संदेश धाडणाऱ्या नोंदींशिवाय. चाचणीच्या यंत्रणेतून खऱ्या लोकांना खोटे संदेश जाऊ नयेत म्हणून डेटा तिकडे नेताना वेबहुक मुद्दाम काढले जात. ते वेगळे परत आणावे लागले.

रात्री ११:३०

सेवा सुरू करायच्या आधी त्यांनी सगळ्या क्रमांकमाला एक लाखाने पुढे ढकलल्या. कारण समजायला सोपं आहे. गेलेल्या सहा तासांत प्रकल्पांना आणि शेऱ्यांना जे क्रमांक दिले गेले होते, ते लोकांच्या ईमेलमध्ये, दुव्यांमध्ये शिल्लक होते. तेच क्रमांक नव्या नोंदींना मिळाले असते, तर जुना दुवा उघडणाऱ्यासमोर परक्याचा प्रकल्प आला असता.

मग गिटलॅब.कॉम उघडलं. रात्री १०:५० ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान डेटाबेसमध्ये झालेले बदल मात्र कायमचे गेले. कंपनीच्या अंदाजाने किमान पाच हजार प्रकल्प, पाच हजार शेरे आणि सातशेच्या आसपास सभासदांच्या नोंदी. कोड वेगळ्या साठवणीत असल्याने वाचला.

त्यानंतर

१० फेब्रुवारीला कंपनीचा अहवाल आला. प्रत्येक फसलेल्या गोष्टीला पुन्हा पुन्हा 'का' विचारत तो मुळापर्यंत जातो, आणि कुठेही माणसावर थांबत नाही. वॉलचा सतत संग्रह आणि बॅकअपमधून डेटाबेस आपोआप उभा करून बघण्याची चाचणी ही कामं त्यांनी हाती घ्यायच्या यादीत मांडली. टर्मिनलच्या खुणेचा रंग बदलायचं तर त्या रात्रीच्या टिपणांतच होतं, खऱ्या सर्व्हरला लाल आणि चाचणीच्याला पिवळा. रंग लावावा, मीही लावतो. पण त्या रात्री दोन्ही सर्व्हर खरेच होते, दोन्हींचा रंग लालच आला असता.

दुरुस्ती गिटलॅबच्या बाहेरही झाली, आणि तिचा फायदा आज पोस्टग्रेस वापरणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये पोस्टग्रेसची दहावी आवृत्ती आली. तिच्यात रेप्लिकेशनच्या जोडण्यांची मूळ मर्यादा दहा केलेली होती. आणि पीजी-बेसबॅकअप बोलक्या पर्यायासह चालवला, की पडद्यावर तो आता लगेच सांगतो की प्रत काढायला घेतली आहे आणि चेकपॉइंट पुरा व्हायची वाट बघत आहे.